वासरांच्या खोलीचं दार

देवास

देवासहून सरदारपूरला जायला अर्धा दिवस पुरतो. इंदूरला बस बदलायची, धारला बदलायची, की दुपारच्या पानावर हजर. एवढं जवळ असून मी गेल्या वीसेक वर्षांत तिथे एकदाच गेलो होतो, भालूदादाच्या तेराव्याला, आणि जेवून हात धुतल्यावर तासाभरात परत निघालो होतो. भालूदादा माझा थोरला चुलत भाऊ. सरदारपूरच्या अलीकडे त्याची शेती आणि गाई. मी जात नाही ते गुडघ्यांमुळे, असा सगळ्यांचा समज होता. गुडघे दुखतात हे खोटं नाही, पण कारण ते नव्हतं. आता जाऊन आलोय. उजवा गुडघा चांगलाच सुजलाय आणि तरी बऱ्याच वर्षांनी हलकं वाटतंय, म्हणून हे लिहायला बसलो.

संक्रांत झाल्यावर मुकुंदाचा फोन आला. हा दादाचा मुलगा. पीथमपूरची नोकरी सोडून त्याने आता गाई वाढवल्या आहेत.

"काका, आज पेटीत खजाना मिळाला! व्हॉट्सॲप देखा का?"

मुकुंदाचं मराठी हे असं. शाळा हिंदीतली, बायको धारची, माहेरी मालवी बोलणारी. मराठी उरलं ते आईशी बोलण्यापुरतं.

फोटोत माझ्या हातचा नकाशा होता. वर सुबक अक्षरात 'वासरांची खोली', खाली उजव्या कोपऱ्यात 'सुधारणा' असं लिहिलेला एक चौकोन. चौकोन कोरा.

"ह्याच्यावरूनच बनवतो आहे. बारा वासरांची. गेंदालाल मिस्त्रीने पाया खोदायला घेतला. घरचं ड्रॉइंग असताना दुसरा इंजिनियर कशाला?"

"पाया होऊ दे," मी म्हणालो. "भिंत चढवू नको. मी येतोय."

"तुम्ही? इकडे?" तो इतका खूष झाला की मला लाज वाटली.

तो कोरा चौकोन का टोचला ते आधी सांगतो. मी इथल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं नकाशे काढले. बांधताना जो बदल झाला तो त्या चौकोनात लिहायचा, हा आमच्या कामातला पहिला नियम. नाहीतर पुढचा माणूस तीच चूक पुन्हा बांधतो.

बावीस वर्षांपूर्वी दादाने वासरांसाठी खोली काढून मागितली. माळव्यातली थंडी कोरडी आणि बोचरी. मला आठवली ती आमच्या घरातली बाळंतिणीची खोली: खिडक्या बंद, फटींत चिंध्या, कोपऱ्यात शेगडी. तशीच खोली काढली. चारही भिंती आढ्यापर्यंत, पत्रे गच्च, खिडकी एकच आणि तीही नावापुरती. दादा ती येणाऱ्याजाणाऱ्याला हौसेने दाखवायचा. "आमच्या दिनूने काढलीय."

त्या हिवाळ्यात पाच वासरं गेली. आधी खोकला, मग ताप, मग धाप. वासरांचं सगळं दादाची बायको, आमच्या सुधावहिनी, बघायच्या. त्या सकाळी दार सताड उघडं टाकायच्या, हे मी दोनदा पाहिलं होतं. पाचवं वासरू गेलं तेव्हा मी तिथेच होतो. आता आमच्या घराण्याची एक खोड सांगायला हवी. पूर्वजांनी संस्थानच्या दफ्तरात कारकुनी केली. संस्थान गेलं, पण रोजच्या रोज नोंद करायची सवय गेली नाही. गाय व्याली, पाऊस आला, पाहुणा जेवला, सगळं वहीत. आणि वहीत चढलं की ते खरं. त्यावर पुन्हा कोणी तोंड उघडायचं नाही. दादाने वासरांची वही माझ्यापुढे सरकवली. "तू शिकलेला. कारण तू लिही."

मी लिहिलं, 'दार उघडे राहिले. थंडी बाधली.'

महिन्याभराने मी पुन्हा गेलो होतो. दादा बाजाराला गेलेला. धारहून गुरांचे एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी मला त्या खोलीत नेलं आणि खाली बसायला सांगितलं, वासराच्या नाकाच्या उंचीला. अर्ध्या मिनिटात डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घसा चरचरला. "ही मुताची वाफ आहे," ते म्हणाले. "उभ्या माणसाला कळत नाही. थंडी वासरू सोसतं, पोट भरलेलं आणि अंग कोरडं असलं की. ही हवा नाही सोसत. दार उघडं राहायचं म्हणता ना? म्हणूनच बाकीची वाचली."

त्याच दुपारी मी पत्रेवाला बोलावला. आढ्याला वीतभर फट ठेवली, भिंतींच्या वरच्या विटा काढून जाळी केली. दादाला म्हणालो, उन्हाळ्याची सोय केलीय. त्याने ज्या नकाशाचं कौतुक गावभर केलं तो चुकला, हे सांगायला जीभ उचलेना.

तोवर दादाने वहिनींना वासरांपासून बाजूला केलं होतं. पुढच्या हिवाळ्यात एकही वासरू गेलं नाही. त्याने वहीत लिहिलं, 'वासरांचे काम सौ.कडून काढले. गुण आला.'

मी चोरून केलेली दुरुस्ती वहिनींच्या विरुद्धचा पुरावा झाली. सुधाच्या हाताला यश नाही, हे घरात ठरलं. आणि मी जाणं बंद केलं.

धार

नवा नकाशा मी जेवणाच्या टेबलावर हातानेच काढला आणि प्लास्टिकच्या नळीत घालून निघालो. धारला उतरून रिक्षा केली, कारण मुकुंदा बाजारात पत्रे भरत होता. रिक्षातून उतरून दहा पावलं गेलो असेन तोच मागून हाक आली.

"ओ भिया! आपकी तोप रह गई!"

रिक्षावाला माझी नळी खांद्यावर बंदुकीसारखी धरून उभा. आजूबाजूचे हसले. मीही हसलो, पण नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. नकाशा हरवला असता तर कदाचित देवासला परत फिरलो असतो, इतपत माझी तयारी होती.

मुकुंदाने आधी पोहे खायला घातले. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडचे पोहे वाफेवरच धरलेले असतात, तेल बेताचं, वर मूठभर शेव, कच्चा कांदा आणि जिरावण नावाचा आंबटतिखट मसाला. सोबत जिलबी. पुण्याचा माझा व्याही पहिल्यांदा आला तेव्हा पोह्यांवर शेव पाहून म्हणाला होता, हा फराळ एकत्र सांडला की काय? तिसऱ्या दिवशी त्यानेच दुसरी बशी मागितली.

धार सोडलं की रस्ता मोकळा होतो. काळी जमीन, गुडघ्याला लागणारा गहू, मध्येच हरभरा, आणि लसणाच्या वाफ्यांचा वास थेट गाडीत. देवासला आता जिकडेतिकडे घरं झाली. इथे अजून नजर लांबवर जाते.

"वहिनी कशा आहेत?" मी विचारलं.

"आई एकदम मस्त. सगळं गाय-ढोर तिलाच कळतं. फक्त वासरांना हात नाही लावत," मुकुंदा गियर टाकत सहज म्हणाला. "ते तिचं जुनं आहे ना, तुम्हाला तर माहीतच आहे."

मी गव्हाकडे बघत राहिलो.

सरदारपूरच्या अलीकडे

वहिनी अंगणातच उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, पाठ मात्र ताठ. "या भावजी. वाट चुकलात वाटतं?" असं म्हणून त्यांनी पायांवर पाणी दिलं. ही रीत आमच्या देवासच्या घरातून कधीच गेली.

ओसरीवर तीन दिवसांची कालवड होती. संक्रांतीला जन्मली आणि कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव तिळी. मुकुंदाची बायको किरण तिला बादलीतून दूध पाजायला शिकवत होती. तिळी बादलीला ढुशी मारी, दूध किरणच्या कपड्यांवर.

"बोट घाल तिच्या तोंडात," वहिनी चार हात लांबून सांगत होत्या. "दोन बोटं. टाळूला लाव. चोखायला लागली की हात हळूच दुधात ने. घाई नको."

"मम्मीजी, आप ही बता दो ना करके."

"तू कर. शिकशील."

हे सांगताना त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते. मी ते पाहिलं आणि नजर वळवली.

जेवायला दाल-बाफले. उकडून भाजलेले कणकेचे गोळे तुपात बुडवून, वरून वरण. शेवटी खरवस. किरण सांगत होती, "इथे खरवस उशिरा मिळतो. मम्मीजीचा रूल है. पहिला चीक पोट भरून वासराचा, मग आपला." माझ्या आईच्या हाताखाली हे उलट होतं, वासराला वाटीभर चीक पाजून बाकीचा शेजारीपाजारी जायचा. ज्या बाईला हे कळत होतं तिला आम्ही वासरांपासून हाकललं.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी नवा नकाशा पसरला. भिंती वासराच्या पाठीएवढ्याच, वर मोकळं. थंडीचा वारा येतो त्या बाजूला गुंडाळून वर घेता येतील असे पोत्यांचे पडदे. आढ्याला फट, जमिनीला उतार, प्रत्येक वासराला वेगळी जागा. मुकुंदाने पाच मिनिटं पाहिलं.

"थंडीत चालेल का हे?" एवढंच विचारलं.

"चालेल."

"तुम्ही म्हणता तर चालेल. जुनं कॅन्सल."

झालं. इतकं सोपं. खोली बरोबर बांधली जाणार होती, वासरं वाचणार होती, आणि मला काहीच सांगावं लागणार नव्हतं. अगदी बावीस वर्षांपूर्वीसारखंच. मी सुटलो होतो.

तेवढ्यात गोठ्याकडून आवाज आला. माझी जुनी खोली अजून उभी आहे. वरचे पत्रे मध्यंतरी वादळात उडाले, मुकुंदाने नवे गच्च बसवले आणि भिंतींतली जाळीही बुजवून टाकली. थोडी मोठी चार वासरं तिथेच बांधतात. किरण पाणी पाजून बाहेर येत होती आणि वहिनी ओसरीवरून ओरडत होत्या, "दार लाव, किरण! आधी दार लाव. उघडं राहिलं की काय होतं ते ह्या घराने पाहिलंय."

आत एक वासरू खोकलं.

ज्या बाईने कुणी न शिकवता दार उघडलं होतं, तीच आता माझं वाक्य बोलत होती. तरी त्या संध्याकाळी माझ्याने बोलवलं नाही. पाठ दुखते म्हणून लवकर पडलो.

दुसऱ्या सकाळी

गेंदालाल मिस्त्री ऊन वर यायच्या आत आला. पायाच्या चरापाशी मुकुंदा, किरण आणि वहिनी उभे होते. मी मुकुंदाला म्हणालो, "आधी माझ्याबरोबर जुन्या खोलीत चल."

आत नेऊन त्याला खाली बसवलं. मीही बसलो, भिंतीला धरून, विव्हळत. भुशात गुडघे टेकले तर पँट लगेच ओली. थोड्या वेळाने मुकुंदा डोळे चोळायला लागला.

"काका, आँखें जलतायत."

"ह्या वासरांनी हेच नाकात घेतलंय रोज. चल बाहेर."

बाहेर येऊन मी वहिनींसमोर उभा राहिलो. "वहिनी, ती पाच वासरं थंडीने गेली नाहीत. बंद हवेने गेली. खोली मी चुकीची काढली होती. तुम्ही दार उघडत होतात तेच बरोबर होतं."

गेंदालालने मान हलवली. "सरदी से नी मरे बाबूजी, सीलन से मरे." सीलन म्हणजे ओल. मग त्याला वाटलं असावं की आपण बोलायला नको होतं, आणि तो फावडं पुसत बसला.

वहिनींनी विचारलं, "पाचही?"

"पाचही."

"ती पांढरीसुद्धा? मी मांडीवर घेऊन बसले होते ती?"

"तीसुद्धा."

मुकुंदा मध्ये पडला. "जाऊ द्या ना काका. बाबा पण गेले. आता काय त्याचं."

"जाऊ कैसे दें?" किरणचा आवाज चढला. "मेरा बबलू हुआ तब मम्मीजी ने उसको एक दिन भी नहलाया नी. बोले, मेरा हाथ अच्छा नी है. मेरे को लगा मेरे से नाराज हैं. कित्ते दिन रोई मैं!"

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं. "तू रडलीस? मला का नाही बोललीस?"

"आपने भी कहाँ बोला?"

मग वहिनी आत गेल्या आणि जुनी वही घेऊन आल्या. वही माझ्या हातात दिली. "तोंडी नको, भावजी. इथे लिहिलंत ना? इथेच लिहा."

ओसरीवर बसून मी लिहायला घेतलं. चूक लिहिणं सोपं गेलं. मग पेन थांबलं. आत्ता चरापाशी जे मी बोललो नव्हतो ते अजून बाकी होतं, आणि ते न लिहिता सही केली असती तरी कोणाला कळलं नसतं. लिहिलं ते असं:

'वरील नोंद चुकीची आहे. वासरे बंद खोलीमुळे गेली. खोलीचा नकाशा माझा. सुधावहिनी दार उघडत म्हणून बाकीची वाचली. पुढच्या वर्षी गुण आला तो खोलीला हवा ठेवल्याने, दुसऱ्या कशाने नाही. हे मला त्याच वर्षी कळले होते. मी सांगितले नाही. दिनकर.'

वहिनींनी चष्मा लावून वाचलं. बोट एका ओळीवर थांबलं.

"त्याच वर्षी?"

"हो."

त्या उठून आत गेल्या. स्वयंपाकघरात भांडी जोरजोरात वाजू लागली. मुकुंदा जमिनीकडे बघत होता. गेंदालाल हळूच जवळ आला आणि म्हणाला, "वो सब ठीक है बाबूजी, पर दीवार कित्ती उठानी है?" मी कमरेच्या जरा वर हात धरून दाखवला. त्याने सुतळी काढून मोजून घेतलं आणि कामाला गेला. त्या क्षणी मला त्या माणसाचे फार उपकार वाटले.

वहिनी चहा घेऊन आल्या. "तुम्हाला दोन चमचे साखर लागते, हे मी विसरलेले नाही," त्या म्हणाल्या. "आज घातली नाही. प्या तसाच."

प्यायलो.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," रिकामी कपबशी उचलत त्या म्हणाल्या. "अजून मला नीट राग पण आलेला नाही. तुम्ही गेल्यावर येईल. पण लिहिलंत, हे बरं केलंत. आता खाली हिंदीत लिहा."

"हिंदीत?"

"आमच्या माघारी ही वही उघडणार कोण? ही." त्यांनी किरणकडे बोट केलं. "बोललेलं मराठी तिला कळतं, तुमचं लिहिलेलं कळणार आहे का? चूक मराठीत ठेवलीत आणि दुरुस्तीही मराठीतच राहिली, तर पोरीला दोन्ही सारखंच."

मी खाली सगळं हिंदीत लिहिलं. किरणने ते मोठ्याने वाचून दाखवलं, एकदा सासूला आणि एकदा, वहिनींनीच सांगितलं म्हणून, चरापाशी जाऊन गेंदालालला. मग मी जुना नकाशा मागवला आणि सुधारणेच्या चौकोनात तारीख घालून लिहिलं, 'रद्द. हवा नाही.' नव्या नकाशात तो चौकोन मोठा ठेवलाय.

मी निघायची तयारी करत होतो. ओसरीवर तिळीचा आणि किरणचा रोजचा झगडा चालू झाला. दोन बोटं, टाळू, बादली, ढुशी. दूध सांडलं. वहिनी नेहमीच्या जागी, चार हातांवर. तोंडाने सांगत होत्या, मग सांगायच्या थांबल्या. हात पदराबाहेर काढले, त्यांच्याकडे बघितलं, आणि नळावर जाऊन धुऊन आल्या. पदर खोचला.

"सरक जरा," त्या किरणला म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता, "भावजी, बादली धरा. उभे काय राहिलात?"

"गुडघे, वहिनी..."

"बसा खाली. तुमच्या गुडघ्यांचं मला कौतुक नाही."

बसलो. त्यांनी तिळीची हनुवटी उचलली, बोटं आत घातली. तिळीने चोखायला सुरुवात केली, तसा हात खाली, खाली, दुधात. एक क्षण तिने श्वास फुस्सकन सोडला, दूध माझ्या चष्म्यावर उडालं. मग चळक् चळक् असा आवाज यायला लागला. वहिनींनी बोटं केव्हा काढून घेतली ते तिळीलाही कळलं नाही. ती पीत होती. वहिनींचा हात तिच्या मानेवर तसाच होता.

"तिची नानीच आठवली," त्या पुटपुटल्या. कोणती गाय ते मी विचारलं नाही.

किरण रिकामी बादली घेऊन गोठ्याकडे गेली. जाता जाता सवयीने तिने जुन्या खोलीचं दार ओढलं.

"असू दे गं," वहिनी मान न वळवता म्हणाल्या. "उघडं असू दे."